विजय जास्त, टक्केवारी जास्त की करंडक जास्त? सिम हॉकी लीगमधील व्यवस्थापकांची सर्वकालीन तुलना

मला विचारलेला प्रश्न असा आहे. मुंबई-ठाण्यातील मित्रमंडळींची एक सिम हॉकी लीग, म्हणजे संगणकावर चालणारी आइस हॉकीची लीग, आहे. तीत २४ संघ असून प्रत्येकाचे हंगामात ८२ सामने होतात. विसावा हंगाम नुकताच संपला, तेव्हा आजवरच्या सर्व व्यवस्थापकांची क्रमवारी लावायचे ठरले आणि तिथेच वाद उभा राहिला. एक व्यवस्थापक पहिल्या हंगामापासून आहेत. त्यांच्या खात्यावर १६४० सामन्यांत ९०२ विजय आणि एक करंडक आहे. दुसरे पाच हंगाम खेळले, ४१० सामन्यांत २६२ विजय मिळवले आणि नोकरीच्या धबडग्यामुळे लीग सोडून गेले. करंडक एकही नाही. तिसऱ्यांचे हंगाम बारा, ९८४ सामन्यांत विजय ५२१, पण करंडक चार. पहिल्या चार हंगामांत बरोबरी फोडणारे शूटआउट नव्हते. त्या काळच्या बरोबऱ्या अर्धा-अर्धा विजय धरून हे आकडे काढले आहेत. पहिला मान कोणाचा?

मुंबईत हॉकी म्हटले की चर्चगेटचे मैदान डोळ्यांसमोर येते. इथे विषय बर्फावरच्या हॉकीचा, आणि त्यातही संगणकावर चालणाऱ्या लीगचा आहे. अशा बहुतेक लीगमध्ये खेळाडू खऱ्या एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगचे, असतात, त्यांचे गुणांकन मागील हंगामाच्या आकडेवारीवरून ठरते, आणि प्रत्येक व्यवस्थापक संघबांधणी, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड, तळाच्या संघाला आधी संधी), अदलाबदल, वेतनमर्यादा आणि सामन्यासाठीच्या लाइन (एकत्र खेळणाऱ्यांच्या तुकड्या) या सगळ्यांची जबाबदारी एकटा वाहतो. म्हणजे खऱ्या लीगमधील जनरल मॅनेजर आणि प्रशिक्षक ही दोन्ही कामे इथे एकाच माणसाकडे असतात. अशा लीगच्या नोंदी मी बरीच वर्षे ठेवत आलो आहे. माझा अनुभव असा की वाद कोणता आकडा मोठा यावर होतो असे वाटते, पण प्रत्यक्षात तो आकड्याचे एकक काय धरायचे यावर असतो. माझ्या मते एकक सामना नव्हे, हंगाम धरावे आणि प्रत्येक हंगाम त्याच्याच सालच्या लीगशी ताडून पाहावा.

आधी एकूण विजयांविषयी. हा आकडा टाकाऊ नाही, पण तो प्रामुख्याने टिकाव मोजतो. एनएचएलमध्ये जनरल मॅनेजर म्हणून सर्वाधिक विजयांचा ग्लेन सॅथर यांचा १३१९ चा विक्रम डेव्हिड पॉइल यांनी मार्च २०१८ मध्ये ओलांडला. पॉइल वॉशिंग्टन आणि नॅशव्हिल या दोनच संघांवर दशकानुदशके होते. या पदावर असताना त्यांना विजेतेपदाचा स्टॅन्ली करंडक एकदाही मिळाला नाही, २०१७ मध्ये अंतिम फेरीपर्यंत मजल गेली तेवढीच. सॅथर यांच्या एडमंटनने १९८४ ते १९९० या काळात पाच करंडक जिंकले. विजयांच्या यादीत पॉइल वर आहेत आणि ते योग्यच आहे, पण त्या यादीवरून श्रेष्ठत्व ठरवायचे म्हटले तर एडमंटनची ती पाच वर्षे कुठेच दिसत नाहीत. तुमच्या पहिल्या व्यवस्थापकांच्या ९०२ विजयांपैकी ८२०, म्हणजे निम्म्या सामन्यांएवढे, तर वीस हंगाम अगदी सरासरी संघ चालवणाऱ्या कोणालाही मिळाले असते. त्यांचे स्वतःचे म्हणता येतील असे विजय उरतात ८२.

टक्केवारीचा धोका याच्या उलट आहे आणि तो क्रिकेट पाहणाऱ्यांना वेगळा सांगायला नको. वेस्ट इंडिजचे अँडी गँटोम १९४८ मध्ये एकच कसोटी खेळले, एकाच डावात ११२ धावा केल्या, आणि त्यांची सरासरी ब्रॅडमन यांच्या ९९.९४ च्या वर राहिली. म्हणून प्रत्येक यादीला किमान डावांची अट घालतात. अट घालणे सोपे आहे, पण ती आंधळी असते: २५० सामन्यांची अट ठेवली तर २४६ सामने खेळलेला यादीतून गायब होतो आणि दोन-चार सामने जास्त खेळलेला शिखरावर बसतो. लीगमधील अर्धी भांडणे या रेषेवरून होतात, आणि रेषा कुठे आखायची हे बहुधा आपला माणूस कुठे उभा आहे ते पाहून ठरते.

याहून न्याय्य मार्ग असा की प्रत्येकाच्या नोंदीत काही काल्पनिक सरासरी हंगाम मिसळायचे. किती मिसळायचे हे तुमच्याच लीगच्या नोंदी सांगतात. एकाच व्यवस्थापकाचे विजय हंगामागणिक किती वरखाली होतात ते पाहा, आणि दीर्घकाळ खेळलेल्या निरनिराळ्या व्यवस्थापकांच्या सरासरींमध्ये किती अंतर आहे तेही पाहा. समजा पहिला चढउतार आठ विजयांचा आणि दुसरा चार विजयांचा निघाला, तर त्यांच्या वर्गांचे गुणोत्तर ६४ भागिले १६, म्हणजे चार. प्रत्येकाला चार सरासरी हंगाम जोडायचे. तसे केल्यावर तुमच्या पहिल्या व्यवस्थापकांचे जादा ८२ विजय २४ हंगामांत विभागून दर हंगामी ३.४ येतात, दुसऱ्यांचे जादा ५७ विजय नऊ हंगामांत ६.३, आणि तिसऱ्यांचे २९ विजय १६ हंगामांत १.८. दुसऱ्यांचा मूळ दर ११.४ होता, तो जवळजवळ निम्म्यावर आला, तरी ते पुढेच राहिले. याचा अर्थ त्यांची कामगिरी नुसत्या नशिबाची नव्हती.

सामन्याऐवजी हंगाम एकक धरण्याचे कारण इथेच सांगतो. नाणे ८२ वेळा उडवले तर सरासरी ४१ छापे पडतात आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) साधारण साडेचारचे असते, म्हणजे निव्वळ योगायोगाने ३२ पासून ५० पर्यंत काहीही येऊ शकते. सामने एकमेकांपासून स्वतंत्र असते तर ४१० सामन्यांचा पुरावा भक्कम मानता आला असता. पण एका हंगामातील ८२ सामने त्याच रोस्टरने (खेळाडूंच्या ताफ्याने), त्याच गोलरक्षकाने खेळलेले असतात. ऑक्टोबरात एक उत्तम गोलरक्षक हाती लागला की त्या निर्णयाचे फळ ८२ वेळा मोजले जाते. प्रत्यक्षात चांगला निर्णय एकच झालेला असतो. म्हणून ४१० सामने हा आकडा भरगच्च दिसला तरी पुरावा पाच हंगामांचाच आहे.

नियम बदलले की गुणांची तुलना बिघडते, आणि तुमच्या लीगने विजय वापरले हे बरेच झाले. अनेक लीग गुणांवरून क्रम लावतात. एनएचएलने १९९९-२००० पासून ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळेत) हरणाऱ्याला एक गुण द्यायला सुरुवात केली, २००५-०६ पासून शूटआउट आणून बरोबरी संपवली आणि २०१५-१६ पासून ओव्हरटाइम तीन विरुद्ध तीन खेळाडूंचा खेळवला. सिम लीग बहुधा हेच नियम मागोमाग स्वीकारतात. दर चार सामन्यांपैकी एक ओव्हरटाइममध्ये गेला असे धरले, तर तेथे दोनऐवजी तीन गुण वाटले जातात आणि सरासरी संघाला ८२ सामन्यांत ८२ ऐवजी ९२ गुण मिळतात. म्हणून आजचे ९५ गुण हे जुन्या ९५ गुणांच्या जवळपासही नाहीत. खऱ्या लीगमधले उदाहरण घ्यायचे तर १९७६-७७ च्या मॉन्ट्रियलने ८० सामन्यांत १३२ गुण मिळवले, २०२२-२३ च्या बॉस्टनने ८२ सामन्यांत १३५. शक्य गुणांच्या प्रमाणात मॉन्ट्रियल ०.८२५ आणि बॉस्टन ०.८२३, म्हणजे जवळपास बरोबरी. पण बॉस्टनच्या १३५ मध्ये पाच गुण ओव्हरटाइम वा शूटआउटमधील पराभवांचे आहेत. ते वजा केले तर प्रमाण ०.७९३ वर येते. उपाय साधा आहे: गुण वापरायचेच असतील तर त्या हंगामातील लीगची सरासरी वजा करून उरलेला आकडाच नोंदवहीत लिहावा.

तेवढ्यानेही काम भागत नाही. समजा जुन्या हंगामात एका संघाने सरासरीपेक्षा १६ गुण जास्त मिळवले आणि अलीकडच्या हंगामात दुसऱ्याने १४. वरवर पहिला सरस. पण जुन्या हंगामात संघासंघांतील प्रमाण विचलन २० गुणांचे आणि अलीकडच्या हंगामात १३ चे असेल, तर पहिला ०.८ विचलनाने वर आहे आणि दुसरा जवळजवळ १.१ विचलनाने. उत्तर उलटले. ही उलथापालथ सिम लीगमध्ये खऱ्या लीगपेक्षा कितीतरी जास्त वेळा होते, आणि त्याचे कारण बहुतेक नोंदवह्यांत कुठेच लिहिलेले नसते.

ते कारण म्हणजे बेवारस संघ. कोणत्याही नव्या लीगच्या पहिल्या चार-पाच हंगामांत उत्साहाने संघ घेतलेले निम्मे लोक डिसेंबर उजाडेपर्यंत लाइन पाठवणे बंद करतात. प्रणाली त्यांच्या जागी आपोआप लाइन लावते किंवा जुनीच पुढे चालवते, दुखापत झालेल्याच्या जागी कोणाला घ्यायचे याचा विचार होत नाही, करार संपणारे खेळाडू फुकट सुटतात. जे जागे असतात त्यांना दर आठवड्याला दोन-तीन सोपे सामने मिळतात आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे अदलाबदलीसाठी अननुभवी गिऱ्हाइके मिळतात. आपल्याकडे यात वेळेची भर पडते: एनएचएलचे सामने आपल्या पहाटे सुरू होतात, आणि तिथली अदलाबदलीची अंतिम मुदत पूर्व किनाऱ्यावरच्या दुपारी तीनची असते, म्हणजे हिवाळी वेळेनुसार आपल्या मध्यरात्रीनंतरचे दीड. जी लीग आपली मुदत त्या मुदतीशी जोडून ठेवते, तिथे शेवटच्या तासाचे सौदे दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना ऑफिस नाही त्यांच्याच पदरात पडतात. हे कौशल्य आहे की नुसते जागरण, यावर मी मत देत नाही. पण त्या काळातील मोठे आकडे वाचताना ते ध्यानात असावे.

खऱ्या लीगमध्येही याचे दुरून नाते लागणारे उदाहरण आहे. मॉन्ट्रियलचा तो हंगाम झाला तेव्हा एनएचएलमध्ये १८ संघ होते, थोड्याच वर्षांत संघसंख्या झपाट्याने वाढली होती, आणि १९७२ पासून डब्ल्यूएचए ही प्रतिस्पर्धी लीग खेळाडू ओढून नेत होती. तळाचे संघ अतिशय दुबळे होते. याने मॉन्ट्रियलचे मोठेपण कमी होत नाही, पण ६० विजय कोणाविरुद्ध आले हेही पाहावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक हंगामात सलग महिनाभर लाइन न पाठवणारे संघ किती होते ते जुन्या फायलींतून काढावे. सिम लीगचा हा मोठा फायदा आहे. कोणी केव्हा लाइन पाठवली हे बहुधा नोंदलेले सापडते. अशा संघांविरुद्धचे सामने वगळून विजयांची संख्या पुन्हा मोजावी. मी पाहिलेल्या नोंदींत या एकाच दुरुस्तीने जुन्या काळचे बरेच विक्रम खाली आले. तुमच्या पहिल्या व्यवस्थापकांच्या बाबतीत हे विशेष तपासा, कारण सुरुवातीचे हंगाम त्यांच्याकडेच आहेत. त्यांचे जादा ८२ विजय पहिल्या पाच हंगामांत साचलेले असतील तर गोष्ट वेगळी आणि वीस हंगामांत सारखे पसरलेले असतील तर वेगळी.

वारशात मिळालेल्या संघाबद्दल थोडक्यात. १९७४-७५ मध्ये नव्याने आलेल्या वॉशिंग्टनने ८० पैकी आठ सामने जिंकले; २०१७-१८ मध्ये तितक्याच नव्या व्हेगासने ५१ विजय मिळवून अंतिम फेरी गाठली. दोन्ही नवे संघ, पण त्यांना खेळाडू निवडायला मिळालेले नियम वेगळे होते. तुमच्या लीगमध्ये कोणी चालू संघ हाती घेतला असेल, तर पहिल्या हंगामाचे श्रेय आधीच्या व्यवस्थापकाशी अर्धे-अर्धे वाटावे आणि सोडून गेल्यानंतरच्या पहिल्या हंगामालाही तोच नियम लावावा. दुसऱ्या व्यवस्थापकांच्या पाच हंगामांत याने बराच फरक पडू शकतो.

आता करंडक, म्हणजे वादाचा खरा गाभा. २४ संघांच्या लीगमध्ये सरासरी व्यवस्थापकाला दर २४ हंगामांत एक करंडक अपेक्षित. बारा हंगामांत अर्धा. तिसऱ्यांना चार मिळाले. वीस हंगामांत ०.८३, पहिल्यांना एक मिळाला. अशी अपेक्षेशी तुलना केल्याशिवाय वेगवेगळ्या काळांतील करंडक एका रांगेत मांडू नयेत. प्रशिक्षक टो ब्लेक यांनी १३ हंगामांत मॉन्ट्रियलला आठ करंडक जिंकून दिले. त्यांतील बहुतेक काळ लीग सहाच संघांची होती, म्हणून सरासरी अपेक्षा दोनची. स्कॉटी बोमन यांनी प्रशिक्षक म्हणून नऊ जिंकले, पण त्यांची कारकीर्द १२ संघांपासून ३० संघांपर्यंत पसरलेली असल्याने अपेक्षा साधारण दीडची. संख्येत एकाचा फरक दिसतो, अपेक्षेच्या पटीत तो चौपट आणि सहापट असा होतो.

तरीही बाद फेरी फार चंचल असते. एखादा संघ कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ६० टक्के सामने जिंकण्याइतका बलवान असेल, तर सातपैकी चार सामन्यांची मालिका तो ७१ टक्के वेळा जिंकतो. पण अशा चार मालिका सलग जिंकण्याची शक्यता २५ टक्केच उरते. ५५ टक्क्यांच्या संघासाठी तीच शक्यता सुमारे १४ टक्के. १२८ गुणांचा टँपा बे २०१९ मध्ये पहिल्याच फेरीत कोलंबसकडून चारही सामने हरला. १३५ गुणांचा बॉस्टन २०२३ मध्ये पहिल्या फेरीत फ्लोरिडाकडून सात सामन्यांत बाहेर पडला. त्या संघांच्या व्यवस्थापकांनी काही वाईट केले होते असे म्हणता येणार नाही. सलग करंडकांची गोष्ट मात्र निराळी. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ असे सलग १५ रणजी करंडक जिंकले. दरवर्षी ९० टक्के शक्यता असलेल्या संघालाही सलग १५ वेळा जिंकण्याची शक्यता सुमारे २१ टक्केच असते. एवढ्या लांब मालिकेत नशिबाला फार जागा उरत नाही.

खऱ्या लीगला जे कधीच जमणार नाही ते इथे तुम्हाला जमते. बाद फेरीआधीची लीगची फाइल जपून ठेवली असेल, तर तीच बाद फेरी त्याच रोस्टरने शंभर वेळा चालवून पाहावी. शंभरपैकी ३० वेळा जिंकणाऱ्या संघाला त्या हंगामासाठी ०.३ करंडक द्यावा, मग प्रत्यक्षात तो जिंको वा न जिंको. मालिकेच्या मधोमध लाइन बदलण्याचे कौशल्य यात सुटते आणि संगणक-प्रणालीची आवृत्ती बदलली असल्यास जुनी फाइल जुन्याच आवृत्तीत चालवावी लागते, पण तरीही प्रत्यक्ष करंडकांपेक्षा हा आकडा व्यवस्थापकाबद्दल जास्त सांगतो. तो प्रत्यक्ष करंडकांच्या शेजारच्या रकान्यात ठेवावा, त्यांच्या जागी नव्हे. जिंकलेला करंडक जिंकलेलाच असतो, आणि तो गणिताने काढून घेतला तर लीगमध्ये कोणी उरणार नाही.

तिसऱ्या व्यवस्थापकांच्या नोंदीत एक विसंगती आहे आणि तिच्याकडे मी सर्वांत आधी पाहीन. हंगामी विजय सरासरीपेक्षा दोन-अडीचने जास्त असलेल्या माणसाला बारा हंगामांत चार करंडक नुसत्या नशिबाने मिळणे जवळजवळ अशक्य आहे. दाट शक्यता अशी की हंगाम सारखे नाहीत: काही हंगाम ५५ विजयांचे आणि काही मुद्दाम हरलेले, वरचा ड्राफ्ट क्रमांक पदरात पाडण्यासाठी. पिट्सबर्ग १९८३-८४ मध्ये तळाला राहिला, १९८४ च्या ड्राफ्टमध्ये मारिओ लेमिऊ मिळाला आणि १९९१ व १९९२ मध्ये करंडक आले. ड्राफ्टच्या क्रमासाठी लॉटरी नसलेल्या सिम लीगमध्ये हा मार्ग आणखी मोकळा असतो. तसे असेल तर त्यांची कारकिर्दीची सरासरी फसवी आहे, कारण तिच्यात हेतुपुरस्सर केलेले पराभव मोजले जात आहेत. अशा व्यवस्थापकासाठी सर्वोत्तम पाच हंगामांचा आकडा काढावा आणि इतर दोघांसाठीही तोच काढून शेजारी ठेवावा. मुद्दाम हरणे मला व्यक्तिशः आवडत नाही, त्याने तळाच्या संघांविरुद्धचे आकडे फुगतात. पण नियमांत ते चालत असेल तर त्या माणसाला शिक्षा यादीतून करणे बरोबर नाही, नियमातून करावी.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझा कौल असा: कारकीर्द म्हणून पहिले व्यवस्थापक पुढे, मात्र बेवारस संघांविरुद्धचे सामने वगळल्यावर त्यांचे जादा विजय ५७ च्या खाली गेले तर दुसरे त्यांच्या पुढे जातील. दर हंगामी कामगिरीत दुसरे निर्विवाद पहिले. तिसऱ्यांचे चारही करंडक साखळीतही पहिल्या चारांत राहिलेल्या हंगामांत आले असतील, तर मी त्यांना दोघांच्याही वर ठेवीन. दोन करंडक सातव्या-आठव्या क्रमांकावरून आले असतील तर ठेवणार नाही. क्रमवारी जाहीर करण्याआधी सूत्र ठरवून सर्वांना कळवा, आणि त्या तिघांपैकी कोणालाही ते सूत्र ठरवण्याच्या समितीत घेऊ नका.